पत्र कुणाचे, नियम कुणाचा?

(सल्ला केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘ई-मेलचे व्यवस्थापन’ असे छापले आहे. जेवणानंतरची वेळ आणि त्यात असा विषय! काहीजणींनी मागची भिंत आधीच धरून ठेवली आहे, ते मला इथून दिसते आहे. (हशा)

मी तंत्रज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. करून गेली बारा वर्षे सल्ला केंद्रावर बसते आहे. कॉम्प्युटर शिकवायला मी उभी राहिलेली नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला उभी आहे. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आम्ही केंद्रात काय ठरवले, तेही सांगेन.

आधी आमच्या टपालाबद्दल. मी केंद्रात आले तेव्हा टेबलावर एक जाडजूड आवक-जावक वही असायची. आलेले प्रत्येक पत्र तिच्यात नोंदायचे. तारीख, कुणाचे, कशाबद्दल, कुणाकडे दिले. लग्नपत्रिका आली तरी मोठ्या ताई नोंदवायला लावायच्या. मला ते सरकारी कचेरीसारखे वाटायचे. पुढे पत्रे कमी झाली, ई-मेल वाढले आणि वही कपाटावर गेली.

मेल पाठवायला तिकीट लागत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला धरबंध नाही. एका सोमवारी मी मोजून पाहिले. शुक्रवार संध्याकाळपासून ६४ मेल आले होते. त्यात माणसाने माणसाला लिहिलेले ९. बाकीचे यंत्रांनी पाठवलेले. बँकेचे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे, देणग्या गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचे, आणि एकाच वेबिनारची आठवण तीन वेळा. शिवाय एखाद्या गटात एकीने ‘अभिनंदन’ लिहिले की चाळीसजणी सगळ्यांना ‘अभिनंदन’ लिहितात, ते वेगळेच.

त्या ९ मध्ये एक मेल एका बाईचा होता. शुक्रवारी रात्री तिला घराबाहेर काढले होते. ती मावशीकडे पोचली, म्हणून निभावले. पण मेल आम्हाला दिसला सोमवारी दुपारी, कारण जीमेल एका पानावर पन्नास मेल दाखवते आणि तिचा मेल दुसऱ्या पानावर ढकलला गेला होता. ‘फिल्टर वगैरे भानगड नकोच, सगळे मेल नीट वाचावेत’ असे म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते आहे. नीट वाचायचे तर आधी निवडावे लागते. तांदूळ न निवडता शिजवायला टाकला तर खडा कुणाच्या तरी दाताखाली येतोच.

म्हणून मी नियम केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या मेलपेटीला आपण सांगून ठेवू शकतो की अमक्या पत्त्यावरून किंवा अमका शब्द असलेला मेल आला तर त्याचे अमुक कर. इनबॉक्समध्ये दाखवू नकोस, त्याला एक लेबल लाव, वाचला असे धर, दुसऱ्या पत्त्यावर पाठव किंवा पुसून टाक. याला जीमेलमध्ये फिल्टर म्हणतात, आउटलुकमध्ये रूल म्हणतात. एकदा सांगितले की झाले. आपण झोपलेल्या असलो तरी नियम चालू असतो. सोय ती हीच, आणि धोकाही इथेच आहे.

आता माझी चूक. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अंतर्गत समितीवर एक बाहेरची सदस्य असते, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली. एका कंपनीच्या समितीवर मी तशी सदस्य आहे. कंपनीने माझा पत्ता आपल्या सर्वसाधारण यादीत घातला. झाले! पार्किंगची सूचना, कुणाचा वाढदिवस, ‘प्रशिक्षण पूर्ण करा’ अशी यंत्राची आठवण, सगळे मला येऊ लागले. मी वैतागले आणि एका दुपारी नियम केला. ॲट चिन्हानंतर या कंपनीचे नाव असलेला कोणताही मेल इनबॉक्समध्ये येऊ नये, ‘वाचला’ असे धरावे आणि कंपनीच्या नावाच्या लेबलखाली ठेवावा. समितीच्या अध्यक्षबाई मला फोन करतात, त्यामुळे काही अडणार नाही, असा माझा हिशेब. दोन मिनिटांचे काम. मला फार हुशारी केल्यासारखे वाटले.

काही महिन्यांनी समितीचा वार्षिक अहवाल करायचा होता. प्रशिक्षणाची तारीख हवी होती, म्हणून मी ते लेबल उघडले. पार्किंग आणि वाढदिवसांच्या मध्ये एका बाईचे नाव होते. मेल चार ओळींचा. तिच्या परवानगीने फक्त एवढेच सांगते, कारण तक्रारीचा तपशील आणि ओळख उघड करायला हा कायदाच बंदी करतो, आणि ती बंदी योग्य आहे. तिने विचारले होते, की घडून अडीच महिने झाले, ऑफिसातल्या कुणाला सांगायची भीती वाटते, तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून तुम्हाला विचारते, तक्रार कशी करतात? खाली फोन नंबर.

मेल येऊन २६ दिवस झाले होते.

ज्या समित्यांवर आहेत त्यांच्या लक्षात आले असेल. कलम ९ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. तिने मला लिहिले तेव्हा मुदत शिल्लक होती. मी वाचले तेव्हा संपली होती. तिला लेखी तक्रार करणे शक्य नसेल, तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा कोणत्याही सदस्याने तिला वाजवी ती सर्व मदत करायची आहे, असे तेच कलम सांगते. म्हणजे मदत हे माझे कायद्याने नेमून दिलेले काम होते. ती योग्य बाईकडे, योग्य वेळी आली होती. दार मी लावून घेतले होते, आणि ते मला माहीतही नव्हते.

मी त्याच मिनिटाला फोन केला. ती म्हणाली, “मला वाटलं, तुम्हीपण त्यांच्यातल्याच.”

मैत्रिणींनो, बारा वर्षांत मला पुष्कळ शिव्या खाव्या लागल्या आहेत. सासरच्यांच्या, पोलिसांच्या, एकदोनदा वकिलांच्याही. एवढे कशाचेच लागले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगते. कलम ९ मध्येच मुदतवाढीची तरतूद आहे. परिस्थितीमुळे ती वेळेत तक्रार करू शकली नाही अशी समितीची खात्री झाली, तर समिती कारणे लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. मी माझी चूक लेखी दिली. मेलची मूळ प्रत जोडली, तिच्यावर तारीख होती. समितीने मुदत वाढवली. तिने तक्रारीच्या सहा प्रती दिल्या आणि चौकशी सुरू झाली. पण तिने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावून दुसरा मेल केलाच नसता आणि मला अहवालासाठी ते लेबल उघडावे लागले नसते तर? त्या ‘तर’चा विचार मी अजून करते.

चुकले काय, यावर आम्ही केंद्रात दोन बैठका घेतल्या. यंत्राला दोष देऊन भागणार नव्हते. यंत्राने मी सांगितले तेच इमानदारीने केले. मला कंटाळा होता यंत्रांच्या मेलचा, पण नियम केला मी एका अख्ख्या आवाराविरुद्ध. त्या आवारात नोटिसा पाठवणारे यंत्र होते, तशाच तिथे काम करणाऱ्या बायकाही होत्या. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसे झाले.

म्हणून पहिले ठरले ते असे : नियम यंत्राच्या पत्त्यावर करायचा, माणसांच्या आवारावर नाही. नोटिसा पाठवणाऱ्या यंत्राचा स्वतःचा पूर्ण पत्ता असतो, बहुधा ‘नो-रिप्लाय’ असा. तो पूर्ण पत्ता नियमात घाला. नुसते ॲट चिन्हानंतरचे नाव कधीही घालू नका.

दुसरे, शब्दांवर केलेले नियम जपून वापरा. एक सल्ला सगळीकडे दिला जातो, की ज्या मेलमध्ये ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द असेल तो जाहिरातीचा समजून बाजूला काढा. ऐकायला छान वाटते. पण आपल्यापैकी अनेक संघटना गूगल ग्रुप्सवरून निरोप पाठवतात आणि तिथल्या मेलच्या तळाशी हाच शब्द असतो. उद्याच्या मोर्चाचे बोलावणे जाहिरातींच्या ढिगात जाईल! किंवा एखादी बाई तिला आलेला धमकीवजा वसुलीचा मेल आपल्याला पुढे पाठवेल. त्यातही हा शब्द असू शकतो. शब्दाला बाई दिसत नाही.

तिसरे, ‘पुसून टाक’ ही आज्ञा नियमात द्यायचीच नाही. पुसलेला मेल जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. मी सांगितलेल्या गोष्टीतला मेल २६ व्या दिवशी सापडला. नियमात ‘पुसून टाक’ असते, तर तो कुठल्याही लेबलखाली दिसला नसता, आणि आणखी चार दिवसांनी शोधूनही मिळाला नसता. जुने निरुपयोगी मेल काढायचे तर महिन्यातून एकदा हाताने, यादीवर नजर टाकून काढा. ते काढावेच लागतात, कारण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकटची जागा १५ जीबी असते. ती पूर्ण भरून तशीच राहिली तर नवे मेल येणे थांबते.

चौथे, ‘वाचला असे धर’ हेही नको. माझी खरी फसगत तिथे झाली. तो पर्याय नसता, तर लेबलाच्या नावापुढे न वाचलेल्यांचा आकडा ठळक दिसला असता, आणि कधीतरी मी तिकडे वळले असते. न वाचलेले ते न वाचलेले दिसू द्या.

आता कृती लिहून घ्या. जीमेलचे फिल्टर फोनवरच्या ॲपमध्ये करता येत नाहीत, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये करावे लागतात. एकदा केले की फोनवर येणाऱ्या मेललाही ते लागू होतात. नको असलेला मेल उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा, ‘अशा मेलसाठी फिल्टर’ या अर्थाचा पर्याय निवडा. पत्ता आपोआप भरला जातो. आता लगेच नियम करू नका. आधी ‘शोधा’ दाबा. या नियमात आजवरचे कोणते मेल सापडले असते, त्याची यादी समोर येते. ती शेवटपर्यंत वाचा. त्यात एकही मेल माणसाने लिहिलेला असला तर नियम चुकला आहे. ‘हे शब्द नसावेत’ असाही एक रकाना आहे, त्याने नियम आणखी बारीक करता येतो. यादी स्वच्छ असली तरच पुढे जा. ‘इनबॉक्स टाळा’ आणि ‘लेबल लावा’ या दोनच चौकटींवर खूण करा. मी हे यादीचे काम केले असते, तर माझ्या नियमात अध्यक्षबाईंचे जुने मेलही दिसले असते, आणि तिथेच माझा हात थांबला असता.

नियमांचा उलटाही उपयोग आहे, तो आपण विसरतो. संरक्षण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरण, आपले वकील, शेजारच्या जिल्ह्यातली संघटना यांच्या पत्त्यांसाठी ‘स्पॅममध्ये कधीही टाकू नकोस’ आणि ‘तारा लाव’ असा नियम करा. कुणाला बाजूला सारायचे हे आपण यंत्राला सांगतो, तसे कुणाचे पहिले ऐकायचे हेही सांगता येते.

इथपर्यंत आपण केलेल्या नियमांचे झाले. आता दुसऱ्याने आपल्या पेटीत केलेल्या नियमांबद्दल. पोटगीची केस चालू असलेली एक बाई आमच्याकडे वकिलांची तक्रार घेऊन आली. म्हणाली, “पैसे घेतात पण मेलला उत्तर देत नाहीत.” वकीलबाई म्हणत होत्या की मी चार मेल पाठवले. दोघीही खरे बोलत होत्या. तिचे मेलखाते नवऱ्याने लग्नानंतर उघडून दिले होते, पासवर्ड त्याला पाठ होता. आम्ही सेटिंगमध्ये ‘फिल्टर आणि ब्लॉक केलेले पत्ते’ हे पान उघडले. तिथे एकच नियम होता. वकीलबाईंच्या पत्त्यावरून आलेला मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक. अमुक पत्ता कुणाचा, ते तिने वाचताच ओळखले.

पूर्वी सासरी पत्र फोडून वाचायचे, माहेरचे पत्र चुलीत जायचे. तेच हे. फक्त आता चुलीचा धूर दिसत नाही.

म्हणून केस घेताना आम्ही आता विचारतो, की मेलखाते कुणी उघडून दिले, पासवर्ड कुणाला माहीत आहे? तिची तयारी असेल तर दोन पाने बघतो, फिल्टरचे आणि फॉरवर्डिंगचे. पण एक लक्षात ठेवा. असा नियम सापडला तर उत्साहाने तिथल्या तिथे काढून टाकू नका. नियम काढला की त्याला मेल जायचे थांबतील आणि त्याला कळेल. ती अजून त्याच घरात राहत असेल तर मार कुणाला बसेल? आधी पानाचा फोटो घ्या, तारीख नोंदवा, तिच्या सुरक्षिततेचे ठरवा. वकिलांशी बोलण्यासाठी त्याच्या हाती नसलेल्या फोनवरून नवे खाते उघडा. जुन्या खात्याचे काय करायचे, कधी करायचे, हे तिने ठरवायचे. स्त्रीच्या ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ साली तो भारतीय दंड विधानात ३५४-ड म्हणून आला, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. त्या कलमात नवऱ्याला म्हणून वेगळी सूट लिहिलेली नाही.

आणखी एक प्रकार. एकाच माणसाचे दिवसाला वीस-वीस मेल येतात. शिव्या, विनवण्या, धमक्या, पुन्हा शिव्या. बाई म्हणते, हे मला दिसायला नको. तिचा तो हक्क आहे. पण आपण पटकन सांगतो, ‘ब्लॉक कर’. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात आणि ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. म्हणजे तिचा त्रास वाचतो, पण पुरावाही जातो. त्याऐवजी नियम करा. इनबॉक्स टाळा, लेबल लावा, पुसू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ मेल खात्यात राहू द्या. आणि ते लेबल कुणीतरी वाचत राहिले पाहिजे. तिने नाही. तिने निवडलेली मैत्रीण, बहीण किंवा आपल्यातली एक. वीस मेलमधल्या एखाद्यात ‘उद्या शाळेच्या दारात येतो’ असे असू शकते.

शेवटचा मुद्दा आपल्या आपल्यातला आहे. तुमच्या संघटनेची मेलपेटी कोण निवडते? बहुतेक ठिकाणी सगळ्यात तरुण, इंग्रजी येणारी एक मुलगी. कुणी तिला ते काम दिलेले नसते, कुणी त्याचे मोल धरत नाही आणि राहिले तरच दिसते. घरकामाची ही लक्षणे आपल्याला पाठ आहेत! त्यात आणखी एक भर. ती एकटी नियम करते, म्हणजे संघटनेने कुणाचे ऐकायचे हे एकटीच ठरवते. माझ्या बाबतीत ती मीच होते, आणि मला विचारणारे कुणी नव्हते.

बैठकीत हे मांडले तेव्हा मोठ्या ताई उठल्या आणि कपाटावरची आवक-जावक वही खाली काढून आणली. मागची बरीच पाने कोरी होती. आता तिथे आमचे नियम लिहिलेले आहेत. एकेका ओळीत, मराठीत. कुठला पत्ता, काय करायचे, कधी केले, कुणी केले. नवा नियम दोघींच्या सहीशिवाय होत नाही. दर शुक्रवारी आळीपाळीने एकजण बाजूला पडलेल्या सगळ्या लेबलांवर नजर टाकते. अर्धा तास लागतो. ताईंना टाईप करता येत नाही, पण त्यांची पाळी आली की त्या शेजारी बसून नावे वाचायला लावतात आणि मध्येच म्हणतात, “थांब, ही कोण बाई? ही बँक दिसत नाही.” दोनदा त्यांचे बरोबर निघाले आहे.

इथून परत गेल्यावर एवढे करा. कॉम्प्युटरवर आपल्या संघटनेची पेटी उघडा, फिल्टरचे पान काढा आणि सगळ्याजणी मिळून ते वाचा. प्रत्येक नियमाशी थांबून विचारा, हा कुणी केला, कशासाठी, आणि याच्याखाली कुणी दबले आहे का? आमच्याकडे तसे वाचले तेव्हा ११ नियम निघाले. त्यातले ४ कुणी केले होते ते कुणालाच आठवेना.

ज्या बाईबद्दल मी सांगितले तिला हे भाषण करणार असल्याचे आधी कळवले होते. तिने उत्तर पाठवले. ते माझ्या इनबॉक्समध्ये, सगळ्यात वर आले. तिने लिहिले होते : “सांगा. पण मला उत्तर २६ दिवसांनी का होईना, आलं, हेही सांगा.”

ते सांगितले. आता थांबते.